क्रूझवरील ड्रिंक्स पॅकेज: घेण्यापूर्वी मांडायचा हिशेब

क्रूझचे आरक्षण पक्के झाले की थोड्याच दिवसांत कंपनीचे ईमेल सुरू होतात आणि त्यांत एक गोष्ट हमखास ठळक अक्षरांत असते, ती म्हणजे सवलतीतले ड्रिंक्स पॅकेज. दिवसाला अमुक डॉलर भरा आणि संपूर्ण सफरीत बिअर, वाइन, कॉकटेल, कॉफी, शीतपेये हवी तितकी घ्या, असा त्याचा आशय असतो. न्यू जर्सीतील आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांत उन्हाळा जवळ आला की हा विषय निघतोच, कारण बर्म्युडाला आणि कॅरिबियन बेटांकडे जाणारी मोठी जहाजे बेयॉन येथील केप लिबर्टी बंदरातून सुटतात आणि एडिसनकडच्या मंडळींना विमानाचा खर्च न करता ही सफर करता येते. आता भारतातून येणारे नातेवाईकही हाच प्रश्न विचारू लागले आहेत. त्यावर बहुतेक जण "तू दिवसाला किती पितोस?" एवढ्या एका प्रश्नावर निकाल देतात. तो प्रश्न अपुरा आहे, आणि केवळ त्याच्या भरवशावर घेतलेला निर्णय एका कुटुंबाला पाच-सातशे डॉलरला सहज पडू शकतो, म्हणून हा हिशेब नीट उलगडून सांगावासा वाटतो.

प्रथम कंपनीची बाजू पाहू. क्रूझ कंपन्या आपल्या वार्षिक ताळेबंदात तिकिटांचे उत्पन्न आणि जहाजावरील इतर उत्पन्न वेगवेगळे दाखवतात. कार्निव्हल कॉर्पोरेशनचे २०२३ या आर्थिक वर्षातील एकूण उत्पन्न सुमारे २१.६ अब्ज डॉलर होते आणि त्यातील साधारण ७.५ अब्ज डॉलर, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडे अधिक, तिकिटाखेरीजच्या गोष्टींतून आले होते. पेये, कॅसिनो, किनाऱ्यावरील सहली, इंटरनेट आणि दुकाने हे सारे त्यात येते. तिकीट स्वस्त ठेवून जहाज भरायचे आणि प्रवासी जहाजावर आल्यानंतर होणाऱ्या खर्चातून नफा काढायचा, ही या व्यवसायाची जुनी घडी आहे. त्यात गैर काही नाही. मात्र पॅकेजचा दर ठरवताना सरासरी प्रवासी किती पितो याचा तपशील कंपनीकडे असतो, आणि आपल्याकडे आपल्या स्वतःच्या सवयींचादेखील नसतो, एवढे लक्षात ठेवावे.

तिकिटातच काय मिळते हे अनेकांना ठाऊक नसते. बहुतेक मोठ्या जहाजांवर साधे पाणी, बर्फ, दूध, साधी कॉफी, टी-बॅगचा चहा आणि न्याहारीच्या वेळचे काही रस यांचे वेगळे पैसे लागत नाहीत. लिंबू सरबत आणि आइस्ड टीसुद्धा बफेच्या ठिकाणी पुष्कळदा तसेच मिळतात. पैसे लागतात ते यंत्रावर काढलेल्या कॅपुचिनोसारख्या कॉफीला, डब्यातील शीतपेयांना, बाटलीबंद पाण्याला, ताज्या फळांच्या रसाला, मॉकटेलला आणि अर्थात मद्याला. ज्यांचा दिवस दोन कप चहावर आणि जेवणासोबतच्या साध्या पाण्यावर निघतो, त्यांच्यासाठी हा विषय इथेच संपतो. चहा मात्र आपल्या हाताचा लागत असेल तर मसाल्याची पुडी बरोबर न्यावी, कारण जहाजावरचा चहा म्हणजे कोमट दुधाबरोबर ठेवलेली टी-बॅग असते.

पॅकेजच्या दरावर सेवाशुल्क वेगळे लागते. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या मद्यासह असलेल्या पॅकेजवर १८ टक्के टिप आपोआप जोडली जाते. त्या पॅकेजचा दर जहाज, मार्ग आणि हंगाम यांनुसार बदलतो. एकाच कंपनीच्या दोन जहाजांवर तो दिवसाला साठ डॉलरच्या आसपासही असू शकतो आणि शंभरच्या पुढेही जाऊ शकतो. सुटे पेय घेतले तरी त्यावर टिप लागतेच. म्हणून तुलना करताना दोन्हीकडची टिप बाजूला ठेवून मूळ दरांची मूळ दरांशी तुलना करावी, म्हणजे आकडेमोड सोपी होते. ईमेलमधील टिपविरहित दराची तुलना टिप धरलेल्या सुट्या पेयाशी केली, तर पॅकेज आहे त्यापेक्षा स्वस्त भासते, आणि ही चूक फार जणांकडून होते.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. दर जहाजानुसार बदलतात, तेव्हा पुढील किमती उदाहरणादाखल धराव्यात: बिअर साडेआठ डॉलर, वाइनचा ग्लास १३, कॉकटेल १४, कॅपुचिनो ५, शीतपेयाचा डबा ४, पाण्याची बाटली ४, आणि पॅकेज दिवसाला ८५ डॉलर. टिप दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती धरलेली नाही.

एक मोकळेपणाने पिणारा प्रवासी डोळ्यांसमोर आणा. जहाज दिवसभर समुद्रात असेल तर तो सकाळी एक आणि दुपारी एक कॅपुचिनो घेतो, पाण्याच्या दोन बाटल्या घेतो, तरणतलावाशेजारी दोन बिअर, संध्याकाळी कार्यक्रमापूर्वी आणि नंतर मिळून दोन कॉकटेल, आणि रात्रीच्या जेवणाबरोबर वाइनचे दोन ग्लास. याची बेरीज ८९ डॉलर होते. ८५ डॉलरच्या पॅकेजपेक्षा हे अधिक, म्हणजे पॅकेज फायद्याचे, असे म्हणून पुष्कळ जण इथेच थांबतात आणि बटण दाबतात.

परंतु सात रात्रींच्या सफरीत सातही दिवस असे नसतात. पहिल्या दिवशी जहाजावर पाऊल ठेवेपर्यंत दुपार झालेली असते. त्यानंतर तीन दिवस जहाज बंदरात असते आणि आपण सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच किनाऱ्यावर असतो. तिथे प्यायलेल्या नारळपाण्याचे किंवा बिअरचे पैसे तिथेच द्यावे लागतात. काही कंपन्यांच्या खासगी बेटांवर पॅकेज चालते, रॉयल कॅरिबियनच्या कोकोके बेटावर ते चालते, पण सर्वसामान्य बंदरात चालत नाही. अशा दिवशी आपल्या या प्रवाशाची तलावाशेजारची बिअर, पाण्याची एक बाटली आणि एक कॉफी गळते. उरते एक कॉफी, एक पाणी, दोन कॉकटेल आणि दोन वाइन, म्हणजे ६३ डॉलर. चढण्याचा एक आणि बंदराचे तीन अशा चार दिवसांचे २५२ डॉलर झाले आणि समुद्रातील तीन दिवसांचे २६७. सात रात्रींची एकूण बेरीज ५१९. पॅकेजचे मात्र सातही रात्रींचे पैसे द्यावे लागतात: ८५ गुणिले सात, म्हणजे ५९५ डॉलर. समुद्रातील दिवशी सहा आणि बंदराच्या दिवशी चार मद्याचे ग्लास रिचवणारा हा गडीदेखील टिप सोडून ७६ डॉलरने तोट्यात आहे.

या उदाहरणातून जी रीत हाती लागते ती मला कोणत्याही ठरावीक आकड्यापेक्षा मोलाची वाटते. ५१९ ला सातने भागले की सुमारे ७४ डॉलर येतात. ही त्या माणसाची वरची मर्यादा झाली. पॅकेज ७४ च्या खाली मिळाले तर घ्यावे, वर असेल तर सोडावे. "किती ग्लास प्यायले म्हणजे वसूल होते" हा उलटा प्रश्न विचारण्याऐवजी सफरीचा कार्यक्रम समोर ठेवावा, प्रत्येक दिवसापुढे आपण एरवी काय प्यायलो असतो ते लिहावे, त्याची किंमत मांडावी आणि रात्रींच्या संख्येने भागावे. कागदावर दहा मिनिटे लागतात. सवलत येवो अथवा न येवो, आपला आकडा आपल्या हातात राहतो.

इथे "एरवी" या शब्दावर सारा भार आहे. पॅकेज घेतल्यावर आपण किती पिऊ हे मोजायचे नसून प्रत्येक ग्लासाचे पैसे मोजावे लागले असते तर किती प्यायलो असतो हे मोजायचे आहे. पैसे भरून झाले की पुढचा प्रत्येक ग्लास फुकट भासतो, आणि फुकट भासणारी गोष्ट माणूस अधिक घेतो. सफरीच्या शेवटी "आम्ही तर दिवसाला नऊ-नऊ घेतले, पॅकेज पुरेपूर वसूल झाले" असे सांगणाऱ्या मंडळींचे म्हणणे खोटे नसते. पण त्यातील चार ग्लास केवळ पॅकेज होते म्हणून घेतलेले असतात, आणि त्या चार ग्लासांची छापील किंमत ही काही झालेली बचत नव्हे.

मुंबईच्या लोकलचा मासिक पास आठवून पाहा. दुसऱ्या वर्गाचा पास साधारण पंधराएक एकेरी फेऱ्यांच्या भाड्यात येतो आणि नोकरदार माणूस महिन्याला पन्नासच्या आसपास फेऱ्या करतो. तिथे विचार करण्याचे कारणच नाही, कारण फेऱ्या आधीच ठरलेल्या असतात. पास काढला म्हणून कोणी ठाण्याहून दादरला दिवसातून आणखी दोनदा जात नाही. ड्रिंक्स पॅकेजचे नेमके उलटे आहे: फेऱ्या ठरलेल्या नसतात आणि पास काढला की वाढतात. ते अनलिमिटेड थाळीच्या अधिक जवळचे आहे, जिथे तिसरी पुरणपोळी आपण भुकेसाठी घेत नाही.

ठोक रक्कम एकदाच भरून मोकळे होण्याची ओढ आणि आपल्या वापराविषयीचा अवाजवी अंदाज यांचा अर्थशास्त्रज्ञांनी नीट अभ्यास केला आहे. स्टेफानो डेलाविग्ना आणि उल्रिके माल्मेंडियर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागातल्या तीन व्यायामशाळांच्या सभासदांची उपस्थिती तपासली. महिन्याला ७० डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे सभासद सरासरी ४.३ वेळाच येत होते, म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत होते. आणि त्याच व्यायामशाळेत दहा खेपांचा पास घेतला असता तर एका खेपेला १० डॉलर पडले असते. सुट्टीवर निघालेला माणूस आपल्या पिण्याबद्दल असाच अंदाज करतो. त्याच्या डोळ्यांसमोर तलावाशेजारची दुपार असते; बंदरात उन्हात फिरून दमून रात्री नऊलाच झोपी गेलेली संध्याकाळ नसते.

पॅकेजला मर्यादाही असतात, आणि त्या आरक्षणाच्या पानावर बारीक अक्षरांत असतात. "अमर्याद" या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा आहे. कार्निव्हलच्या चीअर्स पॅकेजमध्ये चोवीस तासांत मद्याची १५ पेये हीच मर्यादा आहे. रॉयल कॅरिबियनमध्ये अशी संख्येची मर्यादा नाही, पण पेयाच्या किमतीची आहे: अलीकडच्या नियमानुसार १४ डॉलरपर्यंतचे पेय पॅकेजमध्ये धरले जाते आणि त्याहून महाग घेतले तर वरचा फरक भरावा लागतो. चांगली सिंगल माल्ट व्हिस्की पसंत करणाऱ्याने बारचे दरपत्रक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण त्याच्या पसंतीची व्हिस्की मर्यादेच्या वर निघण्याचा संभव दाट असतो. खोलीतील मिनीबार सहसा पॅकेजमध्ये नसतो, वाइनची अख्खी बाटली नसते, आणि निरोपाच्या संध्याकाळी ट्रेवर फिरवला जाणारा, आठवण म्हणून घरी न्यायचा रंगीत ग्लास घेतला तर त्या ग्लासाचे पैसे वेगळे लागतात.

या साऱ्यांपेक्षा मराठी कुटुंबांना अधिक जड जाणारा एक नियम आहे. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या दोन्ही कंपन्यांमध्ये, अमेरिकेतून निघणाऱ्या सफरीत, एका खोलीतील एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले तर त्याच खोलीतील २१ वर्षांवरील प्रत्येकाने ते घ्यावे लागते. कारण उघड आहे: एकाच्या पॅकेजवर दोघे पिऊ शकतात. परंतु आपल्याकडे नवरा दोन पेग घेतो आणि बायको मद्याला स्पर्श करत नाही, किंवा नेमके उलट, अशी जोडपी विपुल आहेत. अशा खोलीसाठी पॅकेजचा खरा दर ८५ नसून १७० डॉलर असतो आणि त्यातील जवळपास सारा भार एकाच माणसाच्या ग्लासावर पडतो. न पिणाऱ्याने दिवसाला दोन कॅपुचिनो आणि एक मॉकटेल घेतले तरी वीस डॉलरच्या आसपास निघतात. उरलेले दीडशे पिणाऱ्याने भरून काढायचे, तर त्याला दररोज दहाहून अधिक कॉकटेल लागतील. आरोग्य, गर्भारपण किंवा धार्मिक कारणाने मद्य घेत नसल्यास कंपनीला आधी फोन करून त्या व्यक्तीसाठी बिनमद्याचे स्वस्त पॅकेज मागता येते. ती विनंती मान्य होईलच असे नाही, पण फोन केल्याशिवाय पॅकेज घेऊ नये. आईवडील, मुलगा आणि सून अशी चार प्रौढ माणसे असतील तर खोल्यांची वाटणी कशी करायची हा निर्णयदेखील पॅकेजच्या हिशेबाशी जोडलेला आहे, आणि तो आरक्षणाच्या वेळीच घ्यावा लागतो.

आमचाच एक हिशेब सांगतो. केप लिबर्टीहून बर्म्युडाची पाच रात्रींची सफर होती. पत्नी मद्य घेत नाही, मी थोडे घेतो. पॅकेज न घेता प्रत्येक पावती मी एका पाकिटात जमा करत गेलो. बारमधील मुलगा सही घेऊन दुसरी प्रत देई आणि रात्री ती पासपोर्टशेजारच्या पाकिटात जाई. परतीच्या सकाळी, जहाज व्हेराझॅनो पुलाखालून जात असताना आणि बहुतेक प्रवासी वरच्या डेकवर फोटो काढत असताना, मी खोलीतल्या छोट्या टेबलावर त्या पावत्या मांडल्या. सहा बिअर, वाइनचे चार ग्लास, तीन कॉकटेल, दोघांच्या मिळून नऊ कॅपुचिनो आणि चार शीतपेये. वरच्या उदाहरणातील दरांनीच सांगायचे तर ५१, ५२, ४२, ४५ आणि १६, म्हणजे २०६ डॉलर. टिप धरून २४३. त्याच दरांनी दोघांचे पॅकेज पाच रात्रींचे टिपसह १००३ डॉलर झाले असते. फरक ७६० डॉलरचा. सफरीत एकदाही हात आखडता घेतल्याचे मला आठवत नाही. निघण्यापूर्वी मला विचारले असते तर मात्र मी स्वतःसाठी याच्या दुप्पट अंदाज सांगितला असता, आणि हीच गोष्ट मला त्या पाकिटाने शिकवली.

काही कंपन्या पॅकेज "फ्री" म्हणून देतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ही पद्धत वर्षानुवर्षे चालवली आहे: पॅकेजची किंमत भाड्यातच धरलेली असते, पण त्या पॅकेजच्या छापील किमतीवर २० टक्के सेवाशुल्क मात्र वेगळे भरावे लागते. ती छापील किंमत बराच काळ दिवसाला १०९ डॉलर दाखवली जात होती. तिच्यावरचे २० टक्के म्हणजे २१.८० डॉलर. दोघांचे सात रात्रींचे ३०५ डॉलर. याला फुकट म्हणता येणार नाही. तरीही दिवसाला दोन-तीन पेये घेणाऱ्याला हा सौदा परवडतो, कारण दोन कॉकटेलची किंमतच त्याहून जास्त होते. इथे तपासायची गोष्ट वेगळी असते: तीच खोली पॅकेजविना कमी भाड्यात मिळते का? मिळत असेल तर दोन भाड्यांतील फरक अधिक सेवाशुल्क हा पॅकेजचा खरा दर समजावा आणि आपल्या वरच्या मर्यादेशी ताडून पाहावा.

प्रिन्सेससारख्या कंपन्या पेये, इंटरनेट आणि कर्मचाऱ्यांची रोजची टिप हे सारे एकाच गाठोड्यात बांधून विकतात. असे गाठोडे सोडवूनच पाहावे. समजा गाठोडे दिवसाला ६५ डॉलरचे आहे. कर्मचाऱ्यांची टिप तर आपण देणारच होतो, ते १७ डॉलर वजा करावेत. इंटरनेट खरोखर घेणार असू तर त्याचे समजा २० वजा करावेत. पेयांचा भाग उरतो २८ डॉलर, आणि हा दर पुष्कळांच्या मर्यादेत बसतो. इंटरनेट नको असेल तर मात्र तोच भाग ४८ होतो. दुसऱ्या टोकाला रीजंट सेव्हन सीज आणि सिल्व्हरसी यांच्यासारख्या महागड्या कंपन्यांच्या भाड्यात पेये आधीच धरलेली असतात, तर वायकिंगच्या जहाजांवर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर बिअर आणि वाइन मिळते.

शरीराचा हिशेब या लेखात दुय्यम मानण्याची माझी तयारी नाही. अमेरिकी मोजणीनुसार एका प्रमाणित पेयात १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. भारतीय मापाचा ६० मिलिलिटरचा मोठा पेग घेतला आणि व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असली तर त्यात सुमारे २० ग्रॅम होते. २०२० ते २०२५ या काळासाठीच्या अमेरिकी आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनी पुरुषांसाठी दिवसाला दोन आणि स्त्रियांसाठी एक प्रमाणित पेय ही कमाल मर्यादा सांगितली होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही असे स्पष्ट केले. आपल्या उदाहरणातील प्रवासी आठवड्यात ३४ ग्लास घेतो, म्हणजे पुरुषांच्या त्या मर्यादेच्या जवळपास अडीचपट, आणि तरीही त्याचे पॅकेज वसूल होत नाही. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तातील साखर मद्यामुळे धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. बोट लागू नये म्हणून घेतली जाणारी मेक्लिझिनसारखी गोळी आधीच गुंगी आणते, आणि मद्याने ती गुंगी वाढते. अटलांटिकला उसळी असेल त्या दिवशी ही गोळी घेऊन बिछान्यात पडून राहावे लागते आणि पॅकेजचे त्या दिवसाचे पैसे परत मिळत नाहीत. साठीच्या पुढचे वडील किंवा सासरे बरोबर असतील तर "पैसे भरलेत, आता घ्याच" हे वाक्य घरातल्या कोणाच्या तोंडून निघणार नाही, एवढी काळजी घरच्यांनी घ्यावी असे मला मनापासून वाटते.

मग पॅकेज कोणाला परवडते? जोडप्यातील दोघेही नियमितपणे पिणारे आहेत, सफरीत समुद्रातले दिवस अधिक आहेत, कॉफी, ताजा रस आणि बाटलीबंद पाणी रोज लागते, आणि दर सवलतीत मिळाला आहे, अशा वेळी ते घेण्यात शहाणपण आहे. अटलांटिक ओलांडणाऱ्या सफरीत सलग पाच-सहा दिवस जमीन दिसत नाही. तिथे आपल्या उदाहरणातील प्रवाशाचा हिशेब सरळ पॅकेजच्या बाजूने झुकतो. भूमध्य समुद्रातील सफरीत उलट असते, कारण जवळपास रोज नवे बंदर येते आणि ग्रीस किंवा इटलीच्या किनाऱ्यावरील साध्या खाणावळीत वाइनचा ग्लास जहाजापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. आणखी एक कारण मी पूर्ण गंभीरपणे मान्य करतो. काही माणसांना प्रत्येक सहीबरोबर मनात मीटर चालू झाल्यासारखे वाटते आणि त्याने त्यांच्या सुट्टीचा विरस होतो. त्या निश्चिंतीला किंमत आहे. ती किंमत आपल्या वरच्या मर्यादेत उघडपणे मिळवावी, दिवसाला दहा डॉलर म्हणा, पंधरा म्हणा. मनातल्या मनात न मोजता जोडली की ती किती वाढते याचा पत्ता लागत नाही.

मद्य न घेणाऱ्यांसाठी शीतपेये, मॉकटेल, कॉफी आणि पाणी यांचे वेगळे पॅकेज असते आणि त्याचा दर सामान्यतः तीसेक डॉलरच्या आसपास असतो. दोन कॅपुचिनो, पाण्याच्या दोन बाटल्या, एक मॉकटेल आणि एक शीतपेय एवढे रोज घेतले तर ते कसेबसे बरोबरीला येते. रिकामी बाटली घरून नेऊन बफेजवळच्या नळावर भरून घेतली की हे पॅकेजदेखील बहुतेकांच्या हिशेबातून बाहेर पडते. वाइन पिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल या कंपन्या सफरीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलिलिटरची वाइनची एक बाटली हातातील सामानातून नेऊ देतात. जेवणाच्या टेबलावर ती उघडली तर बूच उघडण्याचे शुल्क लागू शकते. बंदरातल्या दुकानातून घेतलेली मद्याची बाटली मात्र जहाजावर परतताना ठेवून घेतली जाते आणि शेवटी परत मिळते.

महाराष्ट्रातून समुद्रसफरीला निघणाऱ्यांसाठी कॉर्डेलिया क्रूझेसची मुंबई-गोवा सफर हा सर्वांत जवळचा पर्याय आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून चाललेले तिचे एम्प्रेस हे जहाज मुळात १९९० मध्ये नॉर्डिक एम्प्रेस या नावाने रॉयल कॅरिबियनसाठी बांधलेले. भाड्यात जेवण धरलेले असते, मद्य नसते. दोन रात्रींच्या अशा सफरीत दिवस मोजण्यापेक्षा जागेपणी जहाजावर घालवले जाणारे तास मोजावेत, कारण चढण्याची संध्याकाळ आणि उतरण्याची सकाळ वगळली की हातात फारसे काही उरत नाही. मित्रांचा कंपू घेऊन जाणाऱ्यांनी प्रत्येकाचा अंदाज वेगळा मांडावा. सर्वांनी मिळून घ्यायचे ठरले की कंपूतील सर्वांत कमी पिणारा माणूस संकोचाने गप्प बसतो आणि सर्वांत अधिक तोटा त्याचाच होतो. परदेशी कंपनीला डॉलरमध्ये पैसे देताना भारतीय कार्डावर परकीय चलनाचे साधारण दोन ते साडेतीन टक्के शुल्क आणि त्यावरील कर लागतो, तोही पॅकेजच्या दरात मिळवावा.

खरेदीच्या वेळेबाबत थोडे. बहुतेक कंपन्यांमध्ये आगाऊ घेतलेले पॅकेज जहाजावर घेतलेल्या पॅकेजपेक्षा स्वस्त पडते, आणि सफरीपूर्वीच्या महिन्यांत दर खालीवर होत राहतात. नोव्हेंबरच्या अखेरीस ब्लॅक फ्रायडेच्या सुमारास पुष्कळदा चांगली सवलत येते. रॉयल कॅरिबियनमध्ये आगाऊ घेतलेले पॅकेज निघण्यापूर्वी ठरावीक मुदतीपर्यंत रद्द करून, दर उतरल्यास पुन्हा नव्या दराने घेता येते. तेव्हा आपली वरची मर्यादा फोनमध्ये लिहून ठेवावी, पंधरवड्यातून एकदा दर पाहावा, आणि तो त्या आकड्याच्या खाली आला नाही तर पॅकेजविना जहाजावर चढावे. पहिल्या संध्याकाळी जिन्यापाशी टेबल मांडून बसलेले कर्मचारी पुन्हा विचारतील आणि आजच घ्या म्हणून आग्रह करतील. तोपर्यंत निदान पहिल्या दिवसाच्या पावत्या तुमच्या पाकिटात आलेल्या असतील. त्यांची बेरीज करूनच त्यांना उत्तर द्यावे.